घटसर्प झालेला मासा

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, जनावर कळायचं. हे मी लेक म्हणून सांगत नाही. बारामतीच्या बाजारात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. बैलाच्या तोंडात हात न घालता ते त्याचं वय सांगायचे. गाभण म्हशीच्या मागनं दोन पावलं चालले की रेडी होणार का रेडा तेही सांगायचे, आणि चुकलं तर "मालकानं म्हैस बदलली आसंल" म्हणायचे. आसपासच्या गावचे लोक खोंड घ्यायचं झालं की आधी आमच्या वस्तीवर यायचे, चहा प्यायचे आणि आबांना पुढं घालून बाजाराला न्यायचे. आबांना या गोष्टीची गुर्मी होती. तीच गुर्मी माझ्यात उतरली आहे असं आई म्हणायची. तेव्हा मला ते आवडायचं नाही, आता चालतं.

आमची वस्ती कन्हेरीच्या अंगाला. पाटाचं पाणी होतं, ऊस होता, वांगी-मिरच्या होत्या, दोन बैल आणि एक म्हैस होती. मी बारामतीच्या शाळेत जाऊन त्या वर्षी मॅट्रिकला बसले. पंचावन्न-छप्पन साल असेल. परीक्षेच्या आधीच मी सांगून टाकलं होतं की मला पुण्याला कॉलेजात जायचंय, सायन्सला. आबा "न्हाय" म्हणाले नाहीत. "बघू" म्हणाले. आमच्या घरात "न्हाय"वर अपील चालायचं, "बघू"वर चालायचं नाही.

अशातच मामा आला. माझा मामा इंदापूरच्या कचेरीत कारकून होता आणि जगात जे काही नवीन निघेल ते पहिल्यांदा आपल्या बहिणीच्या घरी पोचलं पाहिजे असं त्याचं मत होतं. एकदा त्यानं विलायती कोंबड्या आणल्या, त्या उन्हानं मेल्या. एकदा थर्मास आणला, तो आईनं चुलीवर ठेवला. या वेळी तो एष्टीतून उतरला तो मांडीवर डालड्याचा डबा घेऊन, आणि त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. डब्यात पाच मासे होते, करंगळीच्या पेराएवढे, राखी रंगाचे.

"फिशरी खात्याचा माणूस आलाय इंदापूरला," मामा म्हणाला. "तळ्या-विहिरींत सोडायला आणल्यात. आफ्रिकेचा मासा हाय. डास खातो, शेवाळ खातो, काय बी खातो. म्हटलं आमच्या भाचीला सायन्सला जायचंय, तर बघू दे जरा."

पुढच्या खेपेला त्यानं इंदापूरच्या पत्रेवाल्याकडून एक काचेची पेटी करून आणली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिला खिडकीच्या काचा लांबीच्या लगद्यानं चिकटवलेल्या. एका कोपऱ्यातून ती गळायची, तिथं आईनं मेण लावलं. खाली पाटातली धुतलेली वाळू घातली आणि पेटी ओसरीवर, तुळईच्या खांबाला टेकून ठेवली. वस्तीवर येणारा जाणारा आधी पेटीपाशी थांबायचा आणि मग कामाचं बोलायचा.

पेटी आली तेव्हा मासे तीन उरले होते. आणखी आठ दिवसांनी एकच उरला. बाकीचे कुठं गेले हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण उरलेला चांगला गुबगुबीत झाला होता. तो एकटा पडल्यावर गप्प बसेल असं मला वाटलं. पण ते जितराब जन्माचं भांडखोर. दुपारी ऊन आलं की त्याला काचेत स्वतःचंच रूप दिसायचं आणि तो त्याच्यावर धडका मारायचा. पेटीतलं पाणी बदलताना आईच्या हिरव्या बांगड्यांवर धावून यायचा. भाकरीचा चुरा टाकायला बोट नेलं की चुरा सोडून बोटाला चावायचा. चावून रक्त येत नव्हतं, पण अपमान व्हायचा.

मी त्याच्यासाठी शेतातून गांडुळं आणायची. "ही पोरगी गांडूळ चिमटीत धरती," आई कपाळावर हात मारून म्हणायची, "उद्या सासरी हिच्या हातची भाकरी कोण खाईल?"

सासरचा विषय असा हवेतला नव्हता. अंथुर्ण्याचं एक स्थळ आलं होतं. घरचं चांगलं होतं, ऊस होता, मुलगा सातवीची फायनल पास झालेला. आबांच्या "बघू"चा खरा अर्थ अंथुर्णे हा होता, हे मला ठाऊक होतं. मे महिन्यात ते लोक बघायला आले. मुलगा, त्याचा चुलता आणि गाडी हाकायला एक गडी. चुलता म्हणजे अंथुर्ण्याचा आबाच. त्यालाही जनावरातलं कळायचं, निदान त्याला तसं वाटायचं.

मी पोह्यांच्या बशा घेऊन आले तर पाहुण्यांपैकी कुणी माझ्याकडे बघेना. चुलता पेटीसमोर उकिडवा बसला होता. मुलगा त्याच्या मागं उभा. मी पदर सावरून, मान खाली घालून, शिकवल्याप्रमाणे तशीच उभी. शेवटी पाय दुखायला लागले तशी मी बशा खाली ठेवल्या. तेवढ्यात चुलत्यानं पाण्यात बोट घातलं आणि "आयाया!" करून मागं बसला.

"बेणं लय खट हाय की!" तो खूश होऊन म्हणाला. "पावणं, ह्यो नर म्हणायचा का मादी?"

आबांनी पानाला चुना लावता लावता, वळूनसुद्धा न बघता सांगितलं, "नर. त्यात इचारायचं काय?"

"मादी हाय ती," मी म्हणाले.

आता खरं सांगते. मला त्यातलं काडीचं माहीत नव्हतं. आबा "मादी" म्हणाले असते तर मी "नर" म्हणाले असते. तासभर मान खाली घालून उभी होते, पोहे गार झाले होते, आणि ज्या माणसाला माझं काय करायचं ते ठरवायला आणलं होतं तो माशाच्या पार्श्वभागाकडे बघत होता. माझं डोकं फिरलं, एवढंच.

स्वयंपाकघराच्या दारात आईनं डोळे मिटून घेतलेले मला दिसले. आबांनी हळूच पानदान बाजूला ठेवलं.

"कशावरनं म्हणतीस?"

"तुमी कशावरनं म्हणता?"

"अंगावर येतोय न्हवं? वळू हाय तो. मादी कधी अशी अंगावर येती व्हय?"

"येती," आई दारातनं म्हणाली. पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

अंथुर्ण्याच्या चुलत्याला तर हे बोलणं म्हणजे बाजारच भरल्यासारखं झालं. त्यानं मांडीवर थाप मारली. "लावा पैज! पोरगी न्हाय तर तुमी. लावा!"

आबा तापले की मागचं पुढचं बघत नसत. "लावली," ते म्हणाले. "मादी निगाली तर हिला पुण्याला धाडतो, शिकू दे काय शिकायचं त्ये. आन नर निगाला तर ही तुमच्या घरात दिली. कालिज सुरू व्हायच्या आत निकाल."

"ठरलं! आमी साक्षीला!" चुलता गरजला आणि गार पोह्यांवर तुटून पडला. आपण कशाला साक्षी राहिलो, आपल्या पुतण्याचं लग्न कशाच्या पारड्यात पडलं, हे त्याच्या ध्यानात बहुधा बैलगाडी पार उसाआड गेल्यावर आलं असावं. मुलगा मात्र जाताना एकदा माझ्याकडे आणि एकदा माशाकडे बघून गेला. त्याची नजर काही वाईट नव्हती.

झालं. माझं सगळं आयुष्य आता बोटभर माशाच्या पोटाखाली अडकलं होतं. मी त्याच दिवशी मामाला पत्र टाकलं की फिशरीवाल्याला विचार, नर-मादी कशी ओळखायची, उलट टपाली कळव.

मामानं उलट टपालीच कळवलं, पण कार्डावर. आमच्या वस्तीवर आलेलं पत्र पोस्टमननं ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचायचं ही जुनी पद्धत. मी मॅट्रिकला बसले म्हणून ती मोडावी असं ना पोस्टमनला वाटलं, ना आबांना. मिरच्या तोडायला आलेल्या बायका पाणी प्यायला बांधावर थांबल्या होत्या. पोस्टमननं घसा खाकरला आणि सुरू केलं.

"'अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. फिशरीवाल्यास विचारले. मासा उलटा धरून पोटाचे मागले अंगास पाहावे. छिद्रे दोन असल्यास नर समजावा, तीन असल्यास मादी. भिंग वापरणे.'" इथं पोस्टमन थांबला. बांधावरच्या बायकांनी पदर तोंडात घातले होते. आबा खांबाकडे बघत होते. "'तसेच नर वयात आला की काळा पडतो व वाळूत खड्डा करतो. मादी वयात आली की काय करते ते गमतीचे आहे, परंतु कार्डावर जागा उरली नाही. ताईस नमस्कार.'"

मामानं नमस्कार गाळला असता तर माझे पुढचे पंधरा दिवस वाचले असते.

आता छिद्रं मोजायची होती. आबांकडे सातबाराचे कागद वाचायचं भिंग होतं. मी सुती फडकं भिजवलं, मासा चाळणीत धरून फडक्यात घेतला आणि भिंग लावलं. मासा एवढा तडफडत होता की मला एकदा दोन दिसली, एकदा चार, आणि एकदा माझाच अंगठा दिसला.

"आण हिकडं," आबा म्हणाले. त्यांनी फडक्याखाली हात घातला आणि डोळे मिटले. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघं रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. आबांची उभी हयात त्या रुमालाखाली गेली होती, आणि डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांचा भरवसा जास्त. ते फडक्याखाली बोटं चालवत चेहऱ्यावर एक रेघ हलू न देता बसले, समोर जसा कुणी मोडनिंबचा दलाल बसलाय.

"नर," ते म्हणाले.

"बोटाला छिद्रं कशी कळली?"

"तुला न्हाय कळायचं."

एवढ्यात फडक्यातून मासा उडाला. तो ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून सरळ म्हशीच्या दगडी डोणीत पडला. म्हैस पाणी पीत होती. तिनं नाक वर केलं, एकदा फुरफुरली आणि पुन्हा तोंड खाली घातलं. मी किंचाळले. आबा धोतर सावरत म्हशीच्या गळ्याला मिठी मारून तिला मागं ओढायला लागले. आईनं मात्र पिठाची चाळण डोणीत घातली आणि एका खेपेत मासा बाहेर काढला.

"तुमी दोगं बी त्याला आता हात लावू नगा," ती म्हणाली. "त्याचं त्याला काय व्हायचं ते हू द्या."

त्यामुळं आम्ही दोघं बघत बसलो. आबा शेतातून आले की आधी पेटीपाशी. मी तर तिथून हलतच नव्हते. मासा वाढत होता, चार बोटं झाला होता. काळा पडला नाही म्हणून माझी आशा वाढत होती. आणि मग एका सकाळी बघते तर पेटीच्या कोपऱ्यात वाळूत खड्डा.

वाटीएवढा, गोल, नीट कोरलेला. मासा तोंडात वाळू घेऊन बाजूला थुंकत होता. नर वाळूत खड्डा करतो, हे सगळ्या वस्तीनं ऐकलं होतं. आबा गोठ्यात धारा काढत होते. मी उठले, आईची आमटीची पळी घेतली आणि खड्डा बुजवून वाळू सारखी केली. मासा पळीवर चार वेळा धावून आला. त्याचं म्हणणं रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डा, पुन्हा पळी. तिसऱ्या दिवशी तेच. आबा धारेला बसले की मी पळी घेऊन पेटीकडे. मला लाज वाटायची का? वाटायची. पण अंथुर्ण्याच्या ओसरीवर मान खाली घालून उभी असलेली मी मला दिसायची, आणि लाज मागं पडायची. लबाडीनं शिकायला जाणं हे न शिकण्यापेक्षा बरं, असं मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. आजही ते मत मी फारसं बदललेलं नाही.

जूनच्या सुरुवातीला निकाल लागला. मी पास झाले, गणितात तर चांगले मार्क होते. आई देवापुढं साखर ठेवून आली. आबा म्हणाले, "बरं झालं. आता माशाचा निकाल लागू दे."

त्याच आठवड्यात माशानं खाणं सोडलं. गांडूळ टाकलं तर बघेना. भाकरी टाकली तर बाजूला सरकायचा. बोट बुडवलं तर चावेना, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. कोपऱ्यात एका जागी थांबून नुसता गालफडं हलवत राहायचा, आणि गळा खालून सुजलेला.

आबांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "घटसर्प," ते म्हणाले.

घटसर्प हा गुरांचा रोग. गळा सुजतो, जनावर वैरण सोडतं, आणि बघता बघता जातं. पावसाच्या तोंडाला तो आला की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. आबांनी दोन बैल त्या रोगात गमावलेले होते, त्यामुळं त्यांना यात काही हसण्यासारखं दिसत नव्हतं. मलाही तेव्हा दिसलं नाही. त्यांनी आधी बैल ओढ्यापलीकडं बांधले. मग म्हशीची डोण राखेनं घासून घेतली, कारण मासा तिच्यात पडला होता. आमच्या गड्याला सांगून बांधाच्या कडेला खड्डा घेतला, चुन्याची पाटी भरून ठेवली.

"ह्यो आता जगत न्हाय," ते म्हणाले. "लांब नेऊन पुरायचा. माझी जनावरं धोक्यात घालनार न्हाय मी."

"आन पैज?" मी विचारलं.

"मेल्यावर कसली पैज? मासा तर नरच हुता."

माझा संयम सुटला. मी पेटीला हात पसरून उभी राहिले आणि ओरडले, की माशाला घटसर्प होत नाही, होतो असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, तुम्हाला हरायचं नाही म्हणून तुम्ही त्याला जिवंत पुरताय. हे शेवटचं बोलायला नको होतं. आबांनी डोक्याचा पटका काढून ओसरीवर आपटला. गडी फावडं घेऊन अंगणात तसाच उभा.

आई मात्र पेटीजवळ बसून माशाकडे बघत होती. केव्हापासून बघत होती कोण जाणे. आई कधी शाळेत गेली नव्हती आणि बाजारातही कधी पारख करायला तिला कुणी नेलं नव्हतं.

"अवं, ह्याला रोग न्हाय," ती म्हणाली. "तोंडात काय तरी हाय. गिळत बी न्हाय आन थुकत बी न्हाय. घोळवतंय नुस्तं. नीट बघा की."

"तोंडात काय आसनार?"

"जपतीया ती कायतरी," आई म्हणाली. 'जपतीया ती.' ती ते सहज बोलून गेली.

आबांनी बाह्या सारल्या. बाकी काही असो, जनावर हातात घ्यायचं तर आबांनीच. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून पाण्यात घातली आणि या खेपेला इतकी सावकाश वर आणली की मासा हलला नाही. ओंजळीत पाणी उरत आलं तसा त्यानं तोंड उघडलं. आबांच्या तळहातावर पिवळे दाणे ओघळले. बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, गुळगुळीत, पन्नासभर तरी असतील.

आम्ही तिघं आणि फावडंवाला गडी, चौघंही त्या तळहातावर वाकलो.

"अंडी हायती," गडी म्हणाला.

आबांनी ओंजळ पुन्हा पाण्यात बुडवली आणि तशीच धरून ठेवली. मासा, म्हणजे ती, बाहेर पडली, गिरकी घेऊन परत आली आणि आबांच्या बोटांतून एकेक दाणा उचलून तोंडात घेऊ लागली. सगळे उचलेपर्यंत आबांनी हात हलवला नाही. चांगला वेळ लागला.

पुढच्या एष्टीनं मामा आला आणि पोट धरून हसला. "हेच तर कार्डावर मावलं न्हाय! मादी अंडी तोंडात धरती, पिल्लं व्हईस्तवर खात न्हाय. खड्डा बी कदी कदी तीच करती म्हणं." मग त्यानं पेटीकडे बघितलं. "पर नर न्हाय तर ही अंडी फुकट जायाची. त्यात काय धरणार न्हाय."

"तिला कुठं ठाव हाय त्ये," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

दोन दिवसांनी अंडी गेली, तिनंच गिळली असावीत. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्या बोटाला चावली आणि मला रडू आलं. पुढं पावसाळ्यात मामानं तिला इंदापूरला नेऊन तळ्यात सोडलं. आज उजनीच्या काठी जाल तिथं चिलापी म्हणून हाच मासा टोपल्यांनी मिळतो. मी कधी खाल्ला नाही.

पैजेचं नाव मात्र ना आबांनी काढलं, ना मी. आणि एका सकाळी अंथुर्ण्याचा चुलता एकटाच बैलगाडी घेऊन दारात हजर झाला. त्याला पुतण्याच्या लग्नाची काळजी होती, हे खरं. पण गाडीतून उतरताना त्यानं पहिला प्रश्न विचारला तो माशाचाच.

"काय निगालं?"

मी स्वयंपाकघराच्या दारामागं उभी होते. आबांना मोकळीक होती. मासा काही बोलणार नव्हता, गडी आबांचा, मामा इंदापूरला. "नर" म्हणून त्यांनी बोट दाखवलं असतं तर चुलता खुशीनं मान डोलावून गेला असता, आणि बाजारातला आबांचा शब्द होता तसा राहिला असता. मी दाराची कडी घट्ट धरली होती.

आबांनी पानाची शीर काढली. मग दुसऱ्या पानाची काढली.

"मादी," ते म्हणाले. "माजी पारख चुकली."

आबांच्या तोंडून ते वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. चुलत्यानं तंबाखू मळायला घेतली आणि म्हणाला, "म्हंजी पोरगी पुण्याला."

"पुण्याला. शबुद दिलाय."

पंधरा दिवसांनी आबा मला पुण्याला सोडायला निघाले. बारामतीच्या स्टेशनावर, त्या आमच्या छोट्या गाडीच्या फलाटावर, पावलापावलाला त्यांच्या ओळखीचा माणूस भेटत होता आणि प्रत्येक जण माझ्या ट्रंकेकडे बघून विचारत होता, पोरीला कुठं न्यायलाय? तरण्या पोरीला एकटीला पुण्यात ठेवायचं, हे आमच्या भावकीत कुणी केलेलं नव्हतं. आबा प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "काय करतो मर्दा, पैज हरलो की!" आणि मग मासा, फडकं, म्हैस, सगळं. ऐकणारा हसायचा, आबांच्या पाठीवर थाप मारायचा, आणि पोरीला शिकवायचा विषय तिथंच संपायचा. तिसऱ्या माणसापर्यंत मासा वीतभर झाला होता. हरण्यात या माणसाला एवढी मजा कशी वाटते, हे कोडं मला पडलं. मग डब्यात बसताना एकदम उलगडलं, की पैज ही त्यांची ढाल होती, आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

गाडी सुटली. गाव मागं पडलं. मला राहवलं नाही. "आबा, मी रोज सकाळी वाळू सारखी करत हुते. ती खड्डा करायची तवा."

"दिसायचं मला," आबा म्हणाले. "गोठ्यातनं वसरी दिसती."

थोडं पुढं गेल्यावर मी म्हणाले, "आन ती मादी हाय हे बी मला ठाव नव्हतं. मी उगंच बोलले त्या दिवशी."

आबा खिडकीबाहेर उसाकडे बघत होते. "मला बी कुठं ठाव हुतं?"

"मग नर का म्हणालासा?"

"पावण्यानं इचारलं. चार मानसं बसलेली. तितं न्हाय ठाव म्हणायचं हुतं व्हय?" मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तेवढं शिकून ये तितनं. ठाव नसलं तर न्हाय ठाव म्हणायचं. आमच्यात त्ये कुणालाच जमलं न्हाय."